लिंबोणीचा उपास

माझ्या लिंबोणीचं पाणी चोरते म्हणून मी एका बाईला तीन माणसांदेखत कामावरून काढलं. तिने पाणी चोरलं नव्हतं.

इथेच थांबलो तर लोक म्हणतील, होते चूक एखाद्याच्या हातून. पण माझी चूक अशी हातून वगैरे झालेली नाही. मी ती नीट बसून, डोकं लावून, पेन्सिल घेऊन केली आहे. त्यामुळे सविस्तर सांगावं लागेल.

नोकरीची सगळी वर्षं मी धान्याच्या गोदामावर कीपर होतो. जव्हारात अजूनही कोणी कीपरसाहेब म्हणून हाक मारली तर मी वळून बघतो. या कामाने माणसाची नजर बिघडते. पोतं समोर आलं की इतरांना तांदूळ दिसतो, मला शिवण दिसायची आणि शिवणीत परत सुई कुठे शिरली असेल ते. उंदराने खाल्लं असं कोणी म्हणालं की मी विचारायचो, किती उंदीर होते? निवृत्त झाल्यावर गोदाम सुटलं, नजर सुटली नाही. ती रिकामी बसेना, तेव्हा मी ती मागच्या अंगणातल्या लिंबोणीवर रोखली.

झाड कागदी लिंबाचं. रोपवाल्याने "तिसऱ्या वर्षी टोपली भरून घ्या" म्हणून दिलेलं. आठ वर्षं झाली, टोपली तर सोडा, एक फूल दिसलं नाही. पानं मात्र अशी हिरवीगार की रस्त्याने जाणारा थांबून विचारी, कसलं झाड हो? मी म्हणायचो, लिंबाचं. तो वर बघायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि जायचा.

आमच्या घरात लिंबू लागतं फार. सकाळी पोह्यांवर, दुपारी सुकटीवर, उन्हाळ्यात सरबतात. पिळून उरलेल्या सालीला मीठ लावून बायको तांब्याची भांडी घासते आणि तीच साल शेवटी मोरीत फिरवते. आमच्याकडे लिंबू मरेपर्यंत कामाला असतं. फडताळात मिठातल्या लिंबांची एक बरणी आहे. लिंबं आता काळी होऊन गोट्यांसारखी गुळगुळीत झाली आहेत. पोट बिघडलं की त्यातली एक फोड खावी लागते, म्हणून आमच्या घरात पोटं सहसा बिघडत नाहीत. चैत्रात लिंबू महागलं की बायको बाजारातून येताना पिशवीपेक्षा तोंड जड करून यायची. मागच्या दाराने झाडाकडे एकदा बघायची, मग माझ्याकडे. त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसासारखंच.

मी चौकशी सुरू केली. पहिला संशयित रोपवाला. त्याने रानटी बियांचं रोप माझ्या गळ्यात मारलं असणार. मी एक पान घेऊन गेलो आणि चुरगाळून त्याच्या नाकाखाली धरलं. तो म्हणाला, "साहेब, वास तर लिंबाचाच आहे." ते मलाही कळत होतं. पण हा न चिडता इतकं सरळ बोलतो म्हणजे काहीतरी आहे, असं मला वाटत राहिलं.

दुसरे संशयित शेजारचे गुरुजी. तेही निवृत्त. रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी येतात, माझ्या झाडावर नजर लावून चहा पितात आणि कप रिकामा झाला की म्हणतात, "अजून नाहीच का?" नजर लागते वगैरे मी मानत नाही. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी फक्त जरा वळसा घालून जातो, चप्पल चिकट होऊ नये म्हणून. पण शंका नको, म्हणून एका शनिवारी बाजारातून एक लिंबू आणि सात मिरच्या आणल्या, दोऱ्यात ओवल्या आणि झाडाला बांधल्या.

बायको दारात आली.

"लिंबू लागावं म्हणून लिंबाच्या झाडाला विकतचं लिंबू बांधलंत?"

"तसं नाही ते."

"आता झाडाला वाटेल, झालं आपलं काम."

मग गुरुजींच्या बाईंनी त्यांच्या माहेरचा उपाय सांगितला. झाडाला धाक दाखवायचा. एकाने कोयता उगारून म्हणायचं, देत नाही ना फळ, तोडतो तुला. दुसऱ्याने आडवं येऊन म्हणायचं, नको हो, पुढच्या वर्षी देईल. झाड ऐकतं आणि घाबरून फुलतं. मी कोयता उगारला. तोडतो तुला, हे तर मी इतकं मनापासून म्हणालो की कुंपणापलीकडे गुरुजी दोन पावलं मागे सरले. आडवं यायचं काम बायकोकडे होतं. ती म्हणाली, "तोडा. कपडे वाळत घालायला जागा होईल."

तर अशी आठ वर्षं. या सगळ्या काळात झाडाला पाणी मी स्वतः घालत होतो. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी जाता-येता एखादी. गेल्या दिवाळीत माझी कंबर धरली आणि डॉक्टरांनी बादली उचलायची बंदी केली, तेव्हा ते काम मावशींकडे गेलं.

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी आणि केरवारा करायला येतात त्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील, पण सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणते. साखरशेतकडच्या एका पाड्यावरून येतात. आमचं घर आणि गुरुजींचं घर, अशी दोन घरं त्यांच्याकडे. भाताची झोडणी उरकली की त्यांचा निम्मा पाडा दाराला कडी घालून कामासाठी बाहेर पडतो. वीटभट्टी, द्राक्षाचे मळे, जिथे मुकादम नेईल तिथे. मावशीही दरवर्षी जायच्या. या वर्षी पहिल्यांदाच राहिल्या होत्या. सुनेचं पहिलं बाळंतपण माघात होतं, मुलगा आधीच भट्टीवर गेला होता आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. जव्हारातली ही दोन घरं होती म्हणून त्यांना राहता येत होतं. हे मला माहीत होतं. नंतर मी जे केलं ते हे माहीत असताना केलं.

मार्गशीर्षात झाड सुकायला लागलं. पानं आतल्या बाजूला वळली, रंग उतरला, बुंध्याशी पानांचा सडा पडू लागला. मी बोट खुपसून पाहिलं तर माती कोरडी ठणठणीत. मावशींना विचारलं, "पाणी घालता ना?" त्या म्हणाल्या, "बादल्या रोज काढते, सायेब." आता हे उत्तर ऐका. विचारलं काय आणि सांगितलं काय! गोदामावर असं उत्तर देणाऱ्याची मी बदली करवायचो.

मागच्या दारी आमचं निळं पिंप असतं. नळ एक दिवसाआड येतो, त्या पाण्यावर सगळं चालतं. मी पिंपाच्या आत पेन्सिलीने रेघा मारल्या. सकाळी मावशी येण्याआधी एक, गेल्यावर एक. भांड्यांचं पाणी सोडून रोज बरोबर दोन बादल्या कमी. म्हणजे पाणी पिंपातून निघत होतं आणि झाडापर्यंत पोचत नव्हतं. गोदामाच्या भाषेत, माल निघाला, पोचला नाही. वाटेत उतरला. कुठे उतरला?

त्याच आठवड्यात बायको भावाच्या मुलीच्या लग्नाच्या तयारीला चार दिवस खोडाळ्याला गेली. मला मोकळं रान मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर पेपर वाचायला जातो असं मावशींना सांगून मी पुढच्या दाराने बाहेर पडलो, घराच्या दुसऱ्या अंगाने मागे आलो आणि न्हाणीघरात शिरलो. न्हाणीघराच्या खिडकीला एक काच नाही. तिथून अंगण दिसतं. मी बुटक्या स्टुलावर पाय दुमडून बसलो.

मावशी आल्या. बादली भरली. झाडापाशी पोचल्या आणि झाडाकडे न बघता पुढे गेल्या. न्हाणीघराच्या कोपऱ्यावरून वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. त्या बाजूला बोळाचं फाटक आहे. मी उठायला गेलो तर कंबर उठेना. एका हाताने नळ आणि दुसऱ्या हाताने भिंत धरून मी अर्धा उभा राहीपर्यंत त्या रिकामी बादली घेऊन परत आल्या होत्या. पाणी फाटकातून गेलं, हे मी न बघताच मला दिसलं.

कडी काढून मी बाहेर आलो. वाकलेलाच होतो. नेमका तेव्हाच सिलेंडरवाला सिलेंडर खांद्यावर घेऊन अंगणात शिरत होता. गुरुजी कपासह कुंपणाशी होते आणि शेजारी त्यांच्या बाई.

"मावशी, पाणी कुठे गेलं?"

त्यांनी बादली खाली ठेवली. माझ्याकडे, मग न्हाणीघराच्या उघड्या दाराकडे बघितलं.

"तुमी त्यात बसला व्हता?"

"ते सोडा. पाणी कुठे गेलं ते सांगा."

"वैनींना विचारा."

"वैनी इथे नाहीत. वैनी नाहीत ते बघूनच चाललंय हे. कोणाला देतेस पाणी? फाटकाशी कोण येतं?"

तुम्हीवरून मी तूवर कधी आलो ते मला कळलं नाही. मावशींना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

"सायेब, मी चोर नाय."

"मग उद्यापासून येऊ नकोस. चोर नसशील तर दुसरीकडे मिळेल काम."

सिलेंडरवाला खांद्यावरचं ओझं उतरवायचं विसरून उभा होता. मावशींनी बादली धुतली, रोजच्यासारखी पालथी घातली आणि गेल्या. दुपारी गुरुजींच्या बाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "आम्हीही नको म्हणून निरोप धाडला हो. तुमच्यासारख्या माणसाने डोळ्यांनी बघितलंय म्हटल्यावर..." डोळ्यांनी बघितलंय, यावर मी होकारार्थी मान हलवली. संध्याकाळी मी तांब्या-तांब्याने त्या बिचाऱ्या झाडाला पाणी पाजलं. पस्तीस-चाळीस तांबे तरी गेले असतील. फार पुण्य केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशीही पाजलं.

बायको परत आली ती पिशव्या घेऊन तशीच मागच्या दारी गेली आणि ओल्या आळ्याकडे बघून ओरडली, "पाणी कोणी घातलं?"

मी सगळी हकिकत सांगितली. रेघा दाखवल्या. न्हाणीघराचा भाग जरा रंगवूनच सांगितला. तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"गेला महिनाभर दिवसाआड कसली भाजी खाताय?"

"घेवड्याची."

"कुठून येतो घेवडा?"

"बाजारातून."

तिने मला दंडाला धरून न्हाणीघराच्या कोपऱ्यामागे नेलं. फाटकाच्या अलीकडे, भिंतीला काटक्या लावून, घेवड्याचे पाच वेल चढवलेले होते. शेंगांनी लगडलेले. मुळाशी माती अजून दमट होती. न्हाणीघराच्या मागे मी गेली कित्येक वर्षं गेलोच नव्हतो. तिथे संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

मग तिने सांगितलं. मावशींनी तीन हिवाळे नगरकडे लिंबाच्या बागांत काम केलं होतं. पाण्याचं काम हाती आल्यावर, आमचं झाड बघून त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "वैनी, याला लई पाजतात. पोट भरलेलं झाड कशाला फुलंल?" पाऊस संपला की लिंबाचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना झाड उपाशी ठेवायचं, पानं वळेपर्यंत, थोडी गळेपर्यंत. बागवाले त्याला ताण देणं म्हणतात. मग बुंध्याची माती मोकळी करून, शेणखत घालून हळूहळू पाणी सुरू करायचं, की झाड फुलावर येतं. दोघींनी मिळून ठरवलं होतं. पाणी घेवड्याला, झाडाला उपास.

"मला का नाही सांगितलंत?"

"मागच्या वर्षी गुरुजींनी हेच सांगितलं होतं. किती दिवस टिकलात?"

हे मी वर लिहायचं टाळलं. गुरुजींनी कुठल्यातरी शेतीच्या मासिकात वाचून, पाणी तोडा असं मला खरोखर सांगितलं होतं. त्यांना माझं झाड मारायचंय असा मला संशय आला. तरी चार दिवस मी कळ काढली. पाचव्या दिवशी बायको देवळात गेल्यावर झाडाला तीन बादल्या पाजल्या आणि वर ओल्या मातीवर कोरडी माती पसरली.

"मावशींना मीच शपथ घातली होती," बायको म्हणाली. "साहेबांना कळू द्यायचं नाही, नाहीतर हे चोरून पाणी घालतील." मग खाली बसली. "आता ती जाईल भट्टीवर. आणि ती पोरगी एकटी बाळंत होईल."

दुसऱ्या सकाळी मी निघालो. काही खाऊ न्यावा का, असं विचारलं. बायको म्हणाली, "काही नेऊ नका. खाऊ दिला की तुम्हाला वाटेल, माफी मागून झाली." म्हणून हात हलवत गेलो. मोकळे हात कुठे ठेवावेत ते जीपमध्ये शेवटपर्यंत सुचलं नाही.

पाड्यावर निम्म्या दारांना बाहेरून कड्या होत्या. मावशींच्या अंगणात एका गोणपाटावर दोन पातेली, तवा आणि एक घोंगडी मांडून ठेवलेली. सून पोट सांभाळत उंबऱ्यात बसून नागली पाखडत होती. मुकादमाची गाडी शनिवारी येणार होती. तो गुरुवार होता.

मावशी बसा म्हणाल्या. सुनेने कोरा चहा आणला, सोबत बशीत अर्धं लिंबू. पिवळंधमक, पातळ सालीचं, रसाने भरलेलं. आता माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण ते लपवलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. माझ्या झाडाला आठ वर्षांत एक लिंबू लागलेलं नाही, हे मला जगात सगळ्यांत जास्त माहीत आहे. तरी ते लिंबू बघून क्षणभर मला वाटलं, हे आपल्या झाडाचं तर नव्हे?

मावशींनी माझ्या डोळ्यांत बघितलं असणार. त्यांनी नुसता हात मागे केला. "त्ये बघा. मागं हाय झाड."

झोपडीमागे, मुरमात, गुडघाभर दगडांमध्ये एक वेडंवाकडं झाड होतं. पानं कमी आणि लिंबं जास्त.

"याला पाणी कोण घालतं?" मी विचारलं.

"पाऊस."

मी चहात लिंबू पिळलं आणि म्हणालो, "मावशी, चुकलं माझं. या परत."

त्या घोंगडीची घडी मोडून पुन्हा घालत बसल्या. मग म्हणाल्या, "हितं चुकलं म्हनून काय व्हतंय सायेब? हितं माला कोनी चोर म्हनत नाय. तिकडं म्हनतात. गुरुजींच्या बाईनं निरोप धाडला. बाजारात सिलेंडरवाला दिसला, त्यानं त्वांड फिरवलं. त्या समद्यांसमोर बोला. मंग येते."

"उद्याच बोलतो."

"आन् तू नाय म्हनायचं."

"नाही."

झाडाचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव त्यातच अडकायचा. माझ्या त्या पुण्याच्या तांब्यांनी उपास मोडला होता. एका बाजूला नुसती पालवी फुटली. ज्या बाजूला उतार होता, जिथे माझं पाणी टिकलं नाही, तिकडच्या फांद्यांवर माघात पांढरी फुलं आली. त्यांतली मूठभर टिकली.

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांना जमवलं. गुरुजी आणि त्यांच्या बाई कुंपणाशी होतेच. सिलेंडरवाल्याला बोलवायला मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, परवाच तर दिला सिलेंडर!" गळतोय का बघायला ये, असं सांगून आणला. आल्यावर तो खरंच नळी हुंगायला लागला, त्याला धरून अंगणात उभं केलं. मावशी पिंपाशी उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून. बायको दारात.

मी रात्री कागदावर मुद्दे काढले होते. गोदामाची सवय. खाकरून सुरुवात केली. "उपस्थित मंडळींना मी सांगू इच्छितो की, दिनांक सोळा रोजी सकाळी याच ठिकाणी माझ्याकडून जे विधान करण्यात आलं, ते अपुऱ्या माहितीच्या आधारे करण्यात आलेलं असून, प्रत्यक्षात सदर पाणी घेवड्याच्या वेलांना घालण्यात येत होतं, आणि त्यास घरातील जबाबदार व्यक्तीची संमती..."

गुरुजींनी चहाचा घोट तोंडातच धरून ठेवला होता. सिलेंडरवाला माझ्या कागदाकडे बघत होता, अजून किती उरलंय या नजरेने. मी पान उलटलं.

"तसेच, सदर बाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्या मनात पूर्वीही कोणताही किंतु नव्हता आणि..."

"सायेब," मावशी म्हणाल्या, "येवढं लांबडं कशाला? मी येडा, म्हना. झालं."